विषाणूचे चिमुकले आरएनए पेशीचं प्रोटीनचं काम कसं वळवतात, आणि ते कॉलेजच्या लॅबमध्ये कसं तपासायचं

गोव्यात काजूचा हंगाम आला की सत्तरीत माकडतापाची धास्ती सुरू होते, २०१५ पासून हे चालूच आहे, बागेत काजू वेचायला जाणाऱ्या बायामाणसांनाच गोचिडी जास्त चावतात. मग जूनमध्ये पाऊस लागला की डेंग्यू. दोन्ही विषाणू एकाच फ्लॅव्हीव्हायरस कुळातले, दोघांचाही जीनोम आरएनएचा. त्यामुळे दरवर्षी एमएस्सीचं कुणी ना कुणी पोर येऊन म्हणतं, सर, डिसर्टेशन व्हायरसवरच करायचंय. मी म्हणतो कर, पण जिवंत व्हायरस आपल्या लॅबमध्ये येणार नाही. माकडतापाचा विषाणू हाताळायला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत आहे तशी व्यवस्था लागते, कॉलेजच्या खोलीत त्याचं नावसुद्धा काढायचं नाही. आपण व्हायरसचा एक तुकडा घेऊ, तोही असा तुकडा ज्यातून कधीच कुठलं प्रोटीन बनत नाही, आणि तो पेशीच्या प्रोटीनच्या कारखान्यात काय करतो ते बघू.

हा लेख त्या पोरांसाठीच लिहितोय, आणि त्यांच्या गाईडसाठी पण. बरंच काही मी स्वतः चुकून शिकलोय, त्यामुळे जिथे वेळ वाया जातो तिथे जास्त लिहिलंय आणि जे कुठल्याही टेक्स्टबुकात मिळतं ते पटकन उरकलंय.

आधी ब्रेक कुठे आहे ते समजून घ्या

पेशीत प्रोटीन बनायला सुरुवात करायची तर रायबोसोमकडे, म्हणजे प्रोटीन जोडणाऱ्या यंत्राकडे, पहिला अमिनो आम्लाचा मणी, मेथिओनिन, आणून द्यावा लागतो. तो आणतो ईआयएफ२ नावाचा फॅक्टर, सोबत जीटीपी हा ऊर्जेचा रेणू घेऊन. मेथिओनिन उतरवला की जीटीपीचा जीडीपी होतो आणि ईआयएफ२ रिकामा परत येतो. परत वापरायचा तर जीडीपी काढून नवीन जीटीपी भरावा लागतो, आणि ते काम ईआयएफ२बी करतो.

जुन्या गोव्याहून दिवाडीला जाणारी फेरीबोट डोळ्यांसमोर आणा. ईआयएफ२ म्हणजे बोट, ईआयएफ२बी म्हणजे धक्क्यावरचा रॅम्प. बोटी पुष्कळ आहेत, रॅम्प थोडे. आता एखादी बोट रॅम्पला लागली आणि तिथेच अडकून बसली, सुटतच नाही, तर मागच्या सगळ्या बोटी धडधाकट असूनही नदीत उभ्या. पेशीत नेमकं हेच होतं. ईआयएफ२च्या अल्फा उपघटकावर ५१ नंबरच्या सेरिनला फॉस्फेट चिकटलं की तो ईआयएफ२बीला घट्ट धरून बसतो आणि सोडत नाही. ईआयएफ२बी मुळातच ईआयएफ२पेक्षा कमी असतो, त्यामुळे थोड्याच ईआयएफ२ला फॉस्फेट लागलं तरी सगळ्या पेशीचं ट्रान्सलेशन, म्हणजे एमआरएनए (प्रोटीनचा नुसखा असलेला आरएनए) वाचून प्रोटीन बनवणं, मंदावतं. हे "थोड्याच" लक्षात ठेवा, पुढे ब्लॉट वाचताना लागेल.

फॉस्फेट लावणारे एन्झाइम चार आहेत, व्हायरसच्या बाबतीत महत्त्वाचा पीकेआर. तो दुहेरी धाग्याचा आरएनए ओळखतो. व्हायरस वाढताना असा आरएनए तयार होतो, पीकेआरचे दोन रेणू एकाच लांब धाग्यावर शेजारी शेजारी बसतात, एकमेकांना चेतवतात आणि मग ईआयएफ२-अल्फाला फॉस्फेट लावतात. पेशी स्वतःचं प्रोटीन थांबवते म्हणजे व्हायरसचंही थांबतं. आणि इंटरफेरॉन, म्हणजे व्हायरस आल्याचा पेशींनी दिलेला इशारा, आला की पेशी पीकेआर आणखी बनवते.

मग व्हायरस काय करतो? सर्दी-खोकला आणणारा अ‍ॅडिनोव्हायरस एक छोटासा आरएनए बनवतो, व्हीए आरएनए १, साधारण १६० न्यूक्लिओटाइडचा. १९६६ मध्ये रीश, फॉर्गेट, वाइसमन आणि रोझ यांना तो अ‍ॅडिनोव्हायरस लागलेल्या केबी नावाच्या, लॅबमध्ये वाढवलेल्या मानवी पेशींत सापडला, आणि कामाचं काही कळलं नसल्यामुळे नावही साधं पडलं, व्हायरस-असोसिएटेड. पेशीचाच आरएनए पॉलिमरेज थ्री तो बनवतो आणि संसर्गाच्या शेवटच्या टप्प्यात एका पेशीत त्याच्या दहा कोटीपर्यंत प्रती असतात. हा आरएनए स्वतःवरच दुमडलेला, वरून दुहेरी धाग्यासारखा दिसतो, म्हणून पीकेआर येऊन बसतो, पण त्यावर नीट बसायला जागा एकाच पीकेआरला. दुसरा शेजारी येऊ शकत नाही म्हणजे चेतवाचेतवी नाही. खुर्ची अडवून ठेवल्यासारखं. १९८२ मध्ये थॉमस शेंक यांच्या गटाने व्हीए आरएनए १ बनवू न शकणारा म्युटंट व्हायरस, डीएल३३१, तपासला तेव्हा दिसलं की व्हायरसचे एमआरएनए भरपूर बनतायत पण त्यांच्यावरून प्रोटीन बनत नाहीये. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्यात व्हायरसने स्वतःच आपलं हत्यार कुठे आहे ते दाखवलं.

प्रश्न एकच ठेवा

पोरं येतात ती एकदम मोठा प्रश्न घेऊन येतात, व्हायरल आरएनएचा होस्टवर परिणाम. असा प्रश्न सहा महिन्यांत सुटत नाही. तुमचा प्रश्न असा पाहिजे: व्हीए आरएनए १ आधी दिला तर दुहेरी आरएनएमुळे थांबणारं ट्रान्सलेशन थांबायचं टळतं का, आणि टळतं तर ते पीकेआरमार्गेच टळतं का. बस. यासाठी पेशी पण लागत नाहीत सुरुवातीला. सशाच्या रेटिक्युलोसाइटचा, म्हणजे कच्च्या लाल रक्तपेशींचा, लायसेट (पेशी फोडून काढलेला रस) विकत मिळतो, त्यात रायबोसोम, ईआयएफ२, पीकेआर सगळं असतं, फक्त स्वतःचे एमआरएनए नसतात कारण ते मायक्रोकॉकल न्यूक्लिएज या आरएनए कापणाऱ्या एन्झाइमने खाऊन टाकलेले असतात. पेलहम आणि जॅक्सन यांनी १९७६ मध्ये ही युक्ती काढली: हा न्यूक्लिएज कॅल्शियमवर चालतो, काम झालं की ईजीटीए घालून कॅल्शियम बांधून टाकायचा, न्यूक्लिएज बंद. त्यामुळे तुमच्या कुठल्याही बफरमध्ये कॅल्शियम येता कामा नये, नाहीतर तो परत जागा होऊन तुमचाच आरएनए खाईल. हे मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात असतं आणि कुणी वाचत नाही.

लायसेट आला की ताबडतोब छोट्या भागांत वाटून उणे ८०ला ठेवा. एकदा वितळला की परत गोठवलेला दुसऱ्यांदा चालला तर नशीब. आमच्याकडे जुलैत वीज जाते, कधी कधी रात्रभर, आणि मी एकदा अख्खी किट घालवली आहे कारण फ्रीझर ट्रिप झालेला सकाळी कळलं. तेव्हापासून पावसाळ्यात माझी पद्धत ठरलेली आहे: फ्रीझरच्या दाराला तापमानाचा अलार्म, ज्याचा मेसेज फोनवर येतो, आणि जवळच्या बर्फाच्या कारखान्याचा नंबर भिंतीवर लावून ठेवलेला, जिथून जेटीवरच्या नुस्त्यासाठी, म्हणजे मासळीसाठी, बर्फ जातो. तो बर्फ स्वच्छ नसतो म्हणून ट्यूब बंद पिशवीत घालून मगच त्यात. बर्फाने उणे ८० राहत नाही हे उघड आहे, पण ट्यूब ४ डिग्रीच्या वर जाऊ न देता तुम्हाला ड्राय आइस आणायला दोन-चार तास मिळतात, आणि शक्य झालं तर त्याच दिवशी सगळे प्रयोग उरकून घ्यायचे.

आरएनए बनवणं, आणि इथेच सगळं बिघडतं

व्हीए आरएनए १चा डीएनए टेम्प्लेट बनवून घ्या, पुढे टी७ प्रमोटर, म्हणजे टी७ पॉलिमरेज या आरएनए बनवणाऱ्या एन्झाइमला सुरुवात दाखवणारी खूण. आपलं नशीब असं की व्हीए आरएनए १ची सुरुवात तीन जी ने होते आणि टी७ पॉलिमरेजला जी ने सुरुवात झालेली आवडते, त्यामुळे जास्तीचे बेस जोडावे लागत नाहीत. शेवट नेमका मिळण्यासाठी टेम्प्लेट शेवटच्या बेसलाच संपला पाहिजे. ३७ डिग्रीला दोन ते चार तास टी७ रिअ‍ॅक्शन, मग टेम्प्लेट खाऊन टाकायला डीएनएज.

आरएनएज, म्हणजे घामातून-हातातून येणारे आरएनए खाणारे एन्झाइम, त्यांच्यापासूनची स्वच्छता सगळ्यांना माहीत असते पण मे-जूनच्या घामट हवेत ती पाळणं सोपं नसतं. ग्लोव्ह घालून मोबाइल उचलला की ग्लोव्ह बदला, कपाळ पुसलं की ग्लोव्ह बदला, एसी बंद असेल तर रिअ‍ॅक्शन लावूच नका कारण मनगटावरून घाम ट्यूबच्या रॅकवर टपकतो हे मी बघितलंय. काचेचं सामान १८० डिग्रीला काही तास भाजा. पाण्याला आरएनएज मारणारं डीईपीसी ०.१ टक्का रात्रभर, मग ऑटोक्लेव्ह. ट्रिस बफरमध्ये मात्र डीईपीसी घालायचा नाही, ट्रिसच त्याला खाऊन टाकतो, तेव्हा डीईपीसीच्या पाण्यात ट्रिस विरघळवा.

आता ती गोष्ट सांगतो. माझ्या एका विद्यार्थिनीने पहिल्यांदा हा प्रयोग लावला. टी७ने आरएनए बनवला, कॉलममधून काढला, शोषणाचा आकडा सुंदर आला, लायसेटमध्ये घातला. अपेक्षा अशी की नुसता व्हीए आरएनए काहीच करणार नाही. ट्रान्सलेशन मोजायला आम्ही सोबत ल्युसिफरेज या प्रकाश देणाऱ्या प्रोटीनचा एमआरएनए घालतो, जेवढा प्रकाश तेवढं प्रोटीन बनलं. ल्युसिफरेज एक तृतीयांशावर आलं. ती खूश, म्हणाली सर, व्हायरसचा आरएनए प्रोटीन थांबवतो. मला पण क्षणभर वाटलं की काहीतरी नवीन आहे. मग तिचा तोच आरएनए आम्ही न उलगडता नेटिव्ह जेलवर चालवला आणि इथिडियम या रंगात बघितला तर व्हीएच्या बॅंडच्या वर एक पुसट धूर, स्पष्ट बॅंड नाही, नुसतं पसरलेलं. तो धूर म्हणजे दुहेरी आरएनए होता. टी७ पॉलिमरेज कधी कधी बनवलेल्या आरएनएलाच टेम्प्लेट समजून त्याची उलटी प्रत काढतो, आणि अगदी थोडा जरी असा दुहेरी आरएनए राहिला तरी पीकेआर जागा होतो. म्हणजे जो आरएनए पीकेआरला शांत करायला घातला त्याच्याच बाटलीत पीकेआरला उठवणारा माल होता. १९९० मध्ये मेलिट्स, पेरी आणि मॅथ्यूज यांनी टी७च्या व्हीए आरएनएत नेमकी हीच अडचण दाखवली होती आणि ती कशी काढायची तेही, आम्ही ते वाचायच्या आधी चुकलो एवढंच.

म्हणून आता आमच्याकडे शुद्धीकरणाशिवाय पुढे कुणी जात नाही. ८ टक्के पॉलिअ‍ॅक्रिलमाइड, ७ किंवा ८ मोलर युरिया, जेल गरम चालेल एवढी पॉवर. जेल प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून फ्लोरोसंट टीएलसी प्लेटवर ठेवा आणि २५४ नॅनोमीटरचा हातातला दिवा दाखवा, आरएनएची काळी सावली दिसते, हिरव्या प्रकाशात काळा पट्टा. सावली दिसली की पेनने खूण करून दिवा लगेच बंद, कारण या प्रकाशाने आरएनए खराब होतो. तुकडा कापा, चुरा करा, ०.३ मोलर सोडियम अ‍ॅसिटेटमध्ये रात्रभर ४ डिग्रीला हलवत ठेवा, गाळा, इथेनॉलने खाली बसवा. मग धूर गेलाय का ते परत नेटिव्ह जेलवर बघा. पैसे असतील तर जे२ नावाच्या अँटिबॉडीने डॉट ब्लॉट करा, ती साधारण ४० बेसपेअरपेक्षा लांब दुहेरी आरएनए ओळखते, व्हीएच्या छोट्या देठांना ती धरत नाही, म्हणून या कामाला ती अगदी बरोबर आहे.

त्या मुलीचा धुतलेला आरएनए परत लायसेटमध्ये घातला तेव्हा ल्युसिफरेज कंट्रोलएवढंच आलं. तिला वाईट वाटलं की रिझल्ट गेला, पण खरं तर तिथून तिचा प्रयोग सुरू झाला.

अजून एक: ल्युसिफरेजचा एमआरएनए पण तुम्ही टी७नेच बनवलेला असेल तर त्यातही तोच धूर असू शकतो! तो एक तर कंपनीचा घ्या किंवा त्याचंही शुद्धीकरण करा. लांब एमआरएनए जेलमधून काढणं त्रासाचं आहे, मी कंपनीचाच घ्यायला सांगतो.

आरएनएला घडी घालणं

जेलमधून निघालेला आरएनए उलगडलेला असतो. व्हीएचं काम त्याच्या घडीवर चालतं, वरचा लांब देठ जिथे पीकेआर बसतो आणि मधला भाग जो त्याला चेतू देत नाही. म्हणून थोड्या मिठाच्या बफरमध्ये ९५ डिग्रीला दोन मिनिटं, मग टेबलावर सावकाश थंड, मग मॅग्नेशियम. मॅग्नेशियम आधी घालून उकळलंत तर आरएनए तुटतो. आणि आरएनए फार दाट असताना थंड केला तर दोन रेणू एकमेकांना चिकटून जोडी बनते, आणि अशी जोडी पीकेआरला जागं करू शकते, म्हणून पातळ करूनच घडी घाला.

प्रमाण मोजताना: २६० नॅनोमीटरला शोषण १ म्हणजे साधारण ४० मायक्रोग्रॅम प्रति एमएल. १६० बेसच्या आरएनएचं वजन साधारण ५१ ते ५२ हजार डाल्टन, तर ५०० नॅनोग्रॅम म्हणजे जवळजवळ १० पिकोमोल. २५ मायक्रोलीटरच्या रिअ‍ॅक्शनमध्ये तेवढा घातलात तर ०.४ मायक्रोमोलर, म्हणजेच २० मायक्रोग्रॅम प्रति एमएल. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, रात्री अकरा वाजता डोकं चालत नाही.

आधी लायसेटची परीक्षा घ्या

व्हीए घालायच्या आधी नुसता दुहेरी आरएनए, म्हणजे पॉली आय-सी, घालून बघा की तुमच्या लॉटमधला पीकेआर जिवंत आहे का. सगळे लॉट सारखे नसतात. प्रति एमएल १ नॅनोग्रॅम, १०, १००, मग १ मायक्रोग्रॅम, १०, आणि जमलं तर ५०. आलेख सरळ खाली जात नाही, मध्येच सगळ्यात खाली जातो आणि जास्त डोसला परत वर येतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं पिपेटिंग चुकलं. चुकलेलं नाही, कमी दुहेरी आरएनए असतो तेव्हा दोन पीकेआर एकाच धाग्यावर भेटतात, भरमसाट असतो तेव्हा प्रत्येकाला वेगळा धागा मिळतो आणि कुणीच कुणाला भेटत नाही. हा खड्डा दिसला तर समजा तुमच्या लायसेटमध्ये पीकेआर चालू आहे. सगळ्यात खोल जिथे असेल तो डोस पुढे वापरायचा.

१०० नॅनोग्रॅम प्रति एमएल म्हणजे २५ मायक्रोलीटरमध्ये अडीच नॅनोग्रॅम, इतकं थोडं की ते प्लास्टिकच्या भिंतीलाच चिकटून जातं. लो-बाइंड ट्यूब वापरा आणि डायल्यूशन ताजे करा.

मुख्य रिअ‍ॅक्शन

३० डिग्री, ३७ नाही. रिअ‍ॅक्शन अशा लावा की प्रत्येक शंकेला उत्तर देणारी एक ट्यूब असेल. एक काहीच न घातलेली, फक्त एमआरएनए. एक ज्यात एमआरएनए पण नाही, पार्श्वभूमी कळण्यासाठी. एक नुसता व्हीए. एक नुसता पॉली आय-सी. एक व्हीए आधी आणि दहा मिनिटांनी पॉली आय-सी. एक उलटी, पॉली आय-सी आधी आणि दहा मिनिटांनी व्हीए. एक व्हीएएवढ्याच लांबीचा पण घडी नसलेला आरएनए आणि मग पॉली आय-सी. आणि शक्य असेल तर मधला भाग मोडलेला व्हीए म्युटंट आणि मग पॉली आय-सी. व्हीएचा डोस १ पासून २० मायक्रोग्रॅम प्रति एमएलपर्यंत तीन-चार पायऱ्यांत.

ती उलटी ट्यूब गाळू नका, मला ती सगळ्यात जास्त शिकवून जाते. व्हीए पीकेआरला जागं होऊ देत नाही, पण एकदा जागा झालेल्या पीकेआरला परत झोपवू शकत नाही. त्यामुळे आधी व्हीए घातलेल्या ट्यूबमध्ये प्रोटीन बनतं आणि नंतर घातलेल्यात नाही, आरएनए तोच, प्रमाण तेच. व्हायरस संसर्गात व्हीए एवढ्या प्रचंड संख्येने का ओततो ते या दोन ट्यूबांवरून लगेच समजतं.

फक्त ९० मिनिटांनी एकदाच मोजू नका. ०, १०, २०, ३०, ६०, ९० मिनिटांना दोन-दोन मायक्रोलीटर काढत जा. पीकेआरचा ब्रेक लगेच लागत नाही, सुरुवातीची काही मिनिटं ट्रान्सलेशन नेहमीसारखं चालतं आणि मग रेषा एकदम सपाट होते. आरएनएज आला असेल किंवा मिठाचं प्रमाण चुकलं असेल तर रेषेचा आकार वेगळा येतो, पहिल्यापासूनच खाली. आकार बघून अर्धं निदान होतं.

खरंच पीकेआरच आहे ना

ल्युसिफरेज कमी झालं म्हणजे ईआयएफ२-अल्फाला फॉस्फेट लागलंच असं नाही. वेस्टर्न ब्लॉट करा, म्हणजे जेलवर वेगळी केलेली प्रोटीन अँटिबॉडीने ओळखा, सेरिन ५१च्या फॉस्फेटवाली अँटिबॉडी आणि दुसऱ्या ब्लॉटवर एकूण ईआयएफ२-अल्फा, बॅंड ३८ किलोडाल्टनच्या आसपास. सॅम्पल काढताक्षणी सोडियम फ्लोराइड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट घाला, नाहीतर लायसेटमधले फॉस्फेटेज बर्फावरसुद्धा फॉस्फेट काढत बसतात. ब्लॉकिंगला दूध नको, बीएसए घ्या, दुधातल्या केसीनवरच फॉस्फेट असतात. लायसेटमध्ये हिमोग्लोबिन ढीगभर असतं त्यामुळे जेल ओव्हरलोड झाली की खालचा भाग फुगतो, अर्धा मायक्रोलीटरपेक्षा जास्त लोड करू नका.

आणि सुरुवातीला जे "थोड्याच" म्हटलं ते इथे. फॉस्फेटचा बॅंड दीडपट झालेला दिसेल आणि ल्युसिफरेज पार बसलेलं असेल, मुलं म्हणतात सर, हे जुळत नाही. जुळतं, रॅम्प थोडेच आहेत, थोड्या बोटी अडकल्या तरी सगळं बंद होतं.

रेटिक्युलोसाइट लायसेटमध्ये अजून एक एन्झाइम तेच फॉस्फेट लावतो, एचआरआय, हीम (हिमोग्लोबिनमधला लोहाचा घटक) कमी पडला की. म्हणूनच लायसेटमध्ये हेमिन, म्हणजे हीमचंच एक रूप, घातलेलं असतं. जुन्या, वितळून गोठलेल्या लायसेटमध्ये हेमिनचा भरवसा नसतो आणि मग काहीही न घातलेल्या ट्यूबमध्येच फॉस्फेट दिसायला लागतं. दोघांत फरक करायचा सोपा मार्ग म्हणजे पॉली आय-सीचा तो भरमसाट डोस: अडथळा पीकेआरचा असेल तर जास्त डोसला तो सुटतो, एचआरआयला पॉली आय-सीशी काही घेणंदेणं नाही, तो तसाच राहतो. आणि आयएसआरआयबी नावाचं छोटं रसायन मिळालं तर ते ईआयएफ२बीला बळ देतं आणि फॉस्फेट असूनही ट्रान्सलेशन बऱ्यापैकी परत येतं, त्यावरून अडथळा याच रस्त्यावर आहे हे कळतं.

पेशींत जायचं असेल तर

सेल कल्चर असेल तर हेला पेशी पुरेत. किरणोत्सारी सल्फर-३५ मेथिओनिनच्या परवानग्या कॉलेजला झेपत नाहीत, त्याऐवजी प्युरोमायसिन वापरा. पेशींना दहा मिनिटं अगदी थोडं प्युरोमायसिन, १ ते १० मायक्रोग्रॅम प्रति एमएल, ते नवीन बनणाऱ्या प्रोटीनच्या टोकाला जाऊन बसतं, मग प्युरोमायसिनविरुद्धच्या अँटिबॉडीने वेस्टर्न. अख्ख्या लेनमध्ये धुरासारखे बॅंड दिसतात, धूर दाट तर प्रोटीन भरपूर बनतंय. ट्रान्सलेशन थांबवणारं सायक्लोहेक्सिमाइड दिलेली एक लेन ठेवायचीच, तिथे धूर जवळजवळ जायला पाहिजे.

इथे सगळ्यात मोठा सापळा असा की टी७ने बनवलेल्या आरएनएच्या पुढच्या टोकाला तीन फॉस्फेट असतात, आणि पेशीतला पहारेकरी आरआयजी-आय नेमकं तेच हुंगतो आणि इंटरफेरॉन सुरू करतो. म्हणजे तुम्ही व्हीएचा परिणाम बघताय असं वाटतं आणि प्रत्यक्षात पेशी टोकावरचे फॉस्फेट बघून घाबरलेली असते. एक तर फॉस्फेटेजने टोक साफ करा, किंवा व्हीएचा जीन त्याच्या स्वतःच्या पॉल-थ्री प्रमोटरसह प्लास्मिडवर द्या, पेशीलाच आत बनवू दे, पण पॉल-थ्रीने बनवलेल्या आरएनएच्या टोकालाही तीन फॉस्फेट असतात, म्हणून तिथेही ही शंका ठेवा. आणि प्रत्येक वेळी रिपोर्टरचा (म्हणजे ल्युसिफरेजसारख्या मोजायच्या प्रोटीनचा) एमआरएनए क्यूपीसीआर या प्रती मोजणाऱ्या चाचणीने मोजा, एमआरएनए तेवढाच असून प्रोटीन बदललं तरच तो ट्रान्सलेशनचा परिणाम.

सगळे छोटे आरएनए पीकेआरकडे जात नाहीत

एकदा व्हीए जमला की पोरांना वाटतं हाच एक नियम. तसं नाही. व्हीए स्वतःच दुसरं कामही करतो, तो मायक्रोआरएनए (एमआरएनएंना दाबणारे चिमुकले आरएनए) केंद्रकाबाहेर नेणारा एक्सपोर्टिन-५ आणि कापून तयार करणारा डायसर या दोघांनाही आपल्या संख्येने गुंतवून ठेवतो आणि पेशीचे स्वतःचे मायक्रोआरएनए कमी पडतात, हे लू आणि कलन यांनी २००४ मध्ये दाखवलं. एपस्टीन-बार व्हायरसचे ईबीईआर १ आणि ईबीईआर २, १६७ आणि १७२ न्यूक्लिओटाइडचे, पेशीत लाखोंनी असतात. जोन स्टाइट्झ यांच्या लॅबने १९८१ मध्ये त्यांचं वर्णन केलं. व्हीए नसलेल्या अ‍ॅडिनोव्हायरसला ईबीईआर दिले तर ते काही प्रमाणात त्याची जागा भरून काढतात. पण ईबीईआर १ रायबोसोमच्या एल२२ प्रोटीनलाही धरतो आणि न्यूक्लिओलसमधून, म्हणजे केंद्रकातल्या रायबोसोम बनायच्या जागेतून, बाहेर ओढून नेतो. स्क्विरल माकडातल्या हर्पीसव्हायरस सायमिरीचा एक छोटा आरएनए, एचएसयूआर १, पेशीच्या मीआर-२७ या मायक्रोआरएनएला पकडून नष्ट करवतो. म्हणजे ज्या एमआरएनएंना मीआर-२७ दाबत होता ते सगळे एकदम मोकळे.

आणि डेंग्यू. आपल्या पेशीतला एक्सआरएन१ नावाचा एन्झाइम व्हायरसचा आरएनए पुढच्या टोकापासून खात येतो, पण शेवटच्या भागात अशी पीळदार गाठ असते की तो तिथे अडतो, मागे जो तुकडा उरतो त्याला एसएफआरएनए म्हणतात, काही शे न्यूक्लिओटाइडचा. म्हणजे पेशीने व्हायरस नष्ट करायला जे कापलं त्याच्याच उरलेल्या तुकड्यातून व्हायरसला हत्यार मिळतं. २०१४ मध्ये डेंग्यू-२ वर दाखवलं गेलं की हा तुकडा जी३बीपी१, जी३बीपी२ आणि कॅप्रिन१ या प्रोटीनना धरतो, आणि ती प्रोटीन इंटरफेरॉनने सुरू होणाऱ्या एमआरएनएंच्या ट्रान्सलेशनला लागतात. इथे पीकेआरसारखा सगळ्यांचा ब्रेक सोडवणं नाही, फक्त बचावाच्या एमआरएनएंना रायबोसोमपासून लांब ठेवणं.

त्यामुळे पुढच्या वर्षी कुणाला डेंग्यूचाच तुकडा घ्यायचा असेल तर साधा ल्युसिफरेज एमआरएनए रिपोर्टर म्हणून उपयोगाचा नाही, त्यात बदल दिसणारच नाही आणि तुम्ही म्हणाल काही होत नाही. पेशीत इंटरफेरॉन देऊन आयएफआयटीएम२ सारख्या जीनचं प्रोटीन वेस्टर्नवर आणि त्याचा एमआरएनए क्यूपीसीआरवर, दोन्ही शेजारी शेजारी बघावं लागेल, आणि तिथेही पहिला दिवस नेटिव्ह जेलचाच, धूर आहे का बघण्याचा.

तीन वेळा रिपीट म्हणजे एकाच ट्यूबमधून तीनदा पिपेट केलेलं नाही. तीन वेगळ्या दिवशी टी७ लावून, तीन वेगळ्या जेलमधून कापून काढलेला आरएनए पाहिजे, आणि त्या तिन्ही जेलचे फोटो वहीत चिकटवलेले, तारखेसकट. त्या मुलीच्या वहीत पहिला, धुरकट फोटो पण तसाच चिकटवलेला आहे, नवीन बॅच आली की मी तेच पान उघडून दाखवतो.